दोरीखालचा गंज

दोरी सुटेना, म्हणून मी ती ब्लेडने कापली आणि पट्टी तळहातावर घेतली. मार्गशीर्षातली सकाळ होती. साडेआठ वाजले असतील. परसातल्या बांबूवर ती पट्टी दहा महिने टांगलेली होती. रोज दोन वेळा मी तिच्यावर खाडीचं पाणी शिंपडत आलो होतो, आणि तरी उन्हात धरली की तिच्यात अजून माझा चेहरा दिसत होता. तिचा फोटो काढून माझ्यासारख्याच चार हौशी लोकांना पाठवावा, एवढाच त्या सकाळचा बेत होता.

जिथे दोरीची गाठ होती तिथे एक तपकिरी रेघ दिसली. अंगठ्याने पुसली, गेली नाही. दोरीचा रंग लागला असेल असं मनाशी म्हणत मी आईच्या डब्यातली सुई आणली आणि तिचं टोक त्या रेघेवर टेकवलं. सुई आत गेली.

मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुवायच्या, आणि घरी आल्यावर परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या घडवायच्या, असं माझं आयुष्य होतं. माणसांशी बोलताना माझी जीभ जड होई. पोलादाशी बोलावं लागत नसे. ठिकठिकाणच्या विक्रेत्यांकडून मी वेगवेगळ्या जातींच्या पट्ट्या मागवत असे. कुरिअरचं खोकं आलं की मी ते लगेच उघडत नसे, उशाशी ठेवून झोपत असे. आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. इथे दाराच्या कड्यांपासून खिडकीच्या गजांपर्यंत सगळ्याला गंज धरतो, त्यामुळे कोणतं पोलाद गंजाला किती दाद देत नाही, हा माझ्यासाठी जवळजवळ धर्माचा प्रश्न झाला होता.

त्या वर्षी माघात मी पाच जातींच्या पाच पट्ट्या सारख्या घासून बांबूवर टांगल्या होत्या. साधं कार्बनचं पोलाद एका रात्रीत लाल झालं. दुसऱ्यावर तिसऱ्या दिवशी खसखशीएवढे ठिपके आले. तिसरं आणि चौथं पंधरवड्याच्या आत हरलं. पाचवी पट्टी स्वीडनची. चाळीस दिवसांनंतरही ती नुकत्याच पुसलेल्या आरशासारखी होती. वहीत तिच्यापुढे मी फक्त एक शब्द लिहिला होता: ‘निष्कलंक’.

त्याच पोलादाचा मोठा तुकडा मागवून मी एक कोयता घडवला आणि वैशाखात गजाभाऊ शिरधनकरांना दिला.

गजाभाऊ आमच्या वाडीतले पाडेली. चाळीस वर्षं माडांवर चढून नारळ उतरवणारा माणूस. त्यांचा जुना कोयता काळा, जाड, तेलकट. रोज कामावरून आले की ते त्याला खोबरेल चोळत, आणि दर दसऱ्याला त्याची मूठ ठोकून काढत, आतली लोखंडी शेपटी पुसून, तेल देऊन, पुन्हा राळेने बसवत आणि मगच त्याची पूजा करत. ते करताना मी लहानपणापासून पाहिलं होतं.

नवा कोयता हातात घेऊन त्यांनी तो उन्हात फिरवला होता.

“शेवंते, बाहेर ये! मुकुंदाने सवत आणलीन् तुला. बघ कशी झळकते!”

“झळकू दे,” आतून शेवंतीवैनी म्हणाल्या होत्या. “भाकऱ्या थापते काय ते विचार तिला.”

“हिला तेल लावायचं नाही, गजाभाऊ,” मी म्हणालो होतो. “आणि मूठही काढायची नाही. चिकटवून, खिळे मारून कायमची बसवलीय.”

“दसऱ्याला पण न्हाय?”

“गरजच नाही.”

“मास्तर म्हणतोय म्हंजे खरं,” ते हसून म्हणाले होते.

सुई हातात धरून मी परसात उभा होतो आणि मला ते वाक्य ऐकू येत होतं. अशा पोलादावर हवेने एक न दिसणारा पापुद्रा धरतो. तोच त्याला राखतो. जिथे खारं पाणी शिरतं पण हवा शिरत नाही, अशा फटीत तो पापुद्रा टिकत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहून त्यावर गुणही मिळवले होते. माझी पट्टी दहा महिने मोकळ्या वाऱ्यावर झुलत राहिली, आणि सुतळीखालच्या त्या बोटभर जागेत काय चाललंय हे पाहण्याचं मला एकदाही सुचलं नाही. गजाभाऊंच्या कोयत्याची शेपटी सात महिने मुठीत बंद होती. आत घाम, पावसाचं पाणी, खारा वारा. दसरा येऊन गेला होता आणि मूठ कोणी काढली नव्हती.

मग आणखी एक गोष्ट आठवली. पोलादाला पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करून घ्यायला, मी तो कोयता चिपळूणजवळच्या एका भट्टीवर नेला होता. तिथल्या माणसाने विचारलं होतं, “पूर्ण?” मला प्रश्न कळला नव्हता. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती. “म्हणजे काय?” एवढं विचारायची मला लाज वाटली आणि मी म्हणालो, “हो, पूर्ण.” पात्याला पाणी देताना शेपटी मऊ ठेवतात, म्हणजे ती वाकते, पण तुटत नाही. माझ्या कोयत्याची शेपटी पात्याइतकीच कडक होती. कडक पोलादात गंजाने खड्डा पाडला की ते वाकत नाही. काचेसारखं तडकतं.

मी गजाभाऊंना फोन लावला. वाजत राहिला.

“आई, गजाभाऊ आज कुठे गेलेत?”

“बापू ओकांच्या आगरात. उजाडताच दोघं गेली इथून. चहा ओतलाय, तो घेऊन...”

मी सायकल काढली.

ओकांचं नारळी-पोफळीचं आगर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. वाटेत मी काय काय बोलायचं याची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य चढावर मोडत होतं. ‘गजाभाऊ, कोयत्यात दोष असू शकतो.’ असू शकतो म्हणजे? ‘गजाभाऊ, माझी चूक झाली.’ कसली चूक, हे बापूंच्या समोर कसं सांगायचं? मी पट्टीवर खड्डा पाहिला होता, कोयत्यात नाही. कदाचित मुठीतल्या चिकटवणीने फट पूर्ण बुजली असेल. कदाचित मी उगाच घाबरलो असेन आणि गावभर हसं होईल. जोराने पायडल मारत होतो, आणि उशीर झाला तर बरं, असंही कुठेतरी वाटत होतं.

फाटक उघडून आत गेलो तेव्हा पहिल्यांदा आवाज ऐकू आला. खण्, खण्. माथ्यावरून येणारा, पोलाद देठावर बसल्याचा स्वच्छ आवाज. पाटाच्या कडेच्या उंच माडावर गजाभाऊ होते. झावळ्यांमधून त्यांचा खाकी गुडघा तेवढा दिसत होता. त्यांचा सदरा खाली पोफळीला अडकवलेला होता. त्याच्या खिशात फोन असावा.

“ये रे मुकुंदा!” पडवीतल्या खुर्चीवरून बापू ओक म्हणाले. “मघापासून तो सदरा कोकलतोय. तूच का करत होतास फोन? आज कॉलेज नाही वाटतं?”

“आहे. म्हणजे, जातो.”

“बस. शहाळं पिऊन जा. तुझ्या कोयत्याचंच कौतुक चाललं होतं आत्ता. गजा म्हणाला, अशी धार सबंध तालुक्यात नाही. अरे, सकाळपासून चौथा माड चाललाय त्याचा!”

मी बसलो नाही. पाटापर्यंत गेलो. शेवंतीवैनी पदर खोचून माडापासून चार पावलांवर उभ्या होत्या. वरून घड तुटला की त्या थांबत, नारळ धपाधप पडून स्थिर झाले की माडाखाली शिरत, वाकून एकेक उचलून पाटीत टाकत आणि पुन्हा मागे येत. त्या माडाखाली असेपर्यंत वरचा कोयता थांबलेला असेल, असा मला भरवसा होता. तो भरवसाही खोटा निघाला. त्या वाकलेल्या असतानाच वर गजाभाऊ फुलोऱ्याची वाळकी पोय छाटत होते.

“काय मास्तर, आज इकडे कुठे?” त्या म्हणाल्या. “सवतीला भेटायला आलास?”

“वैनी,” मी म्हणालो, “जरा इकडे सावलीत या ना.”

“सावलीत? आणि नारळ काय तू वेचशील? पांढरी पँट घालून?” त्या हसल्या आणि पुन्हा आत गेल्या.

मी वर पाहिलं. माडावरच्या माणसाला खालून एकदम हाक मारू नये, असं आमच्याकडे सगळेच पाळतात. दचकला तर हात सुटतो. मी त्या रिवाजाला घट्ट धरून उभा राहिलो. खाली आले की सांगू. एवढा माड होऊ दे. बापूंच्या समोर नको. गजाभाऊंना बाजूला घेऊन सांगू. कोयता मागून घेऊ, धार लावून देतो म्हणू, घरी नेऊन मूठ उघडू. कोणाला काहीच कळायला नको. ही युक्ती सुचली तेव्हा मला किती हलकं वाटलं, ते आज नऊ वर्षांनंतरही आठवतं.

खण्. नारळ पडले. वैनी आत गेल्या. वाकल्या. बाहेर आल्या.

“गजाभाऊ,” मी म्हणालो. वारा होता. तो आवाज माझ्या मला जेमतेम ऐकू आला.

खण्. पुन्हा दोन पडले. वैनींनी पाटी ओढून जवळ घेतली.

“अरे, शहाळं सोललंय,” मागून बापू म्हणाले.

मी मान हलवली. माझं सगळं शरीर कानात आलं होतं. घाव बसला की मी श्वास धरत होतो आणि तो स्वच्छ वाजला की सोडत होतो. पोलादाला चीर गेली की आधी त्याचा आवाज बदलतो, हे मला ठाऊक होतं. शेडमध्ये कितीतरी पाती मी नखाने वाजवून पारखली होती. खण्. ठीक आहे. खण्. ठीक आहे. वैनी माडाच्या बुंध्याशी टेकून खाली बसल्या. एक नारळ मुळांमधल्या खळग्यात गेला होता, तो त्या हाताने उकरत होत्या. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता.

मग वरून आवाज आला. खट्.

लाकडावर लाकूड आपटावं तसा बसका, मेलेला आवाज.

“वैनी! बाजूला व्हा! गजाभाऊ, थांबा! कोयता चालवू नका!”

असा आवाज माझ्या गळ्यातून त्याआधी कधी निघाला नव्हता. पोफळीवरचे पक्षी उडाले. बापूंची खुर्ची करकरली. वैनी बसल्या जागीच मागे सरकल्या आणि पाटात एक पाय बुडेपर्यंत गेल्या. वर क्षणभर सगळं थांबलं.

“काय झालं?” गजाभाऊ वरून ओरडले. “साप हाय?”

“कोयता आकडीत घाला! हळू! खाली या!”

ते उतरले. खाचेवरून खाचेवर पाऊल टेकत, सावकाश. तेवढ्या वेळात मी कमरेच्या लाकडी आकडीत लटकणाऱ्या त्या चमकत्या पात्यावरून नजर काढली नाही. जमिनीवर पाय टेकताच ते माझ्यावर उसळले.

“मेल्या, वर माणूस असताना बोंब मारतात? हात सुटला असता तर? तुझ्या बापाने तरी मारली व्हती कंदी?”

“गजाभाऊ, कोयता द्या.”

“आधी सांग काय ते!”

मी सांगितलं. पट्टी, दोरी, सुई. भट्टीवरचा माणूस, ‘पूर्ण?’ आणि माझं ‘हो’. बोलताना मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. घोट्याभोवती काथ्याच्या फासाचे वळ होते. बापू जवळ येऊन उभे राहिले होते. गजाभाऊंनी कोयता धुण्याच्या दगडावर ठेवला, पातं एका पायाखाली दाबलं आणि दुसऱ्या पायाची टाच मुठीवर टेकवली. जोर दिलाच नाही. नुसता भार दिला.

कट्.

मूठ बाजूला जाऊन पडली. बापूंनी ती उचलली आणि तुटलेली कड उन्हाकडे धरली. आतला सगळा भाग तपकिरी होता, जुना, मातीसारखा. एका कडेला नखाएवढी जागा तेवढी चमकत होती. तेवढ्यावर तो कोयता टिकून होता.

“अरे बाप रे,” बापू म्हणाले.

गजाभाऊंनी त्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी वर माडाकडे पाहिलं, खाली बुंध्याशी उकरलेल्या खळग्याकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर इतक्या जोराने हात मारला की मी अडखळलो.

“वाचवलंस की रे! बापू, पोरगा धावत आला, न्हायतर आज काय झालं असतं?” त्यांचा आवाज कापत होता आणि ते हसत होते. “कधी आलास तू?”

मी वैनींकडे पाहिलं. त्या ओला पाय झटकत होत्या.

“आत्ताच,” मी म्हणालो.

बापूंनी काहीतरी म्हणायला मान वळवली. त्यांनी मला फाटकातून येताना पाहिलं होतं. शहाळं त्यांच्या हातात तसंच होतं. पण म्हाताऱ्या माणसाने मनात वेळ मोजलेला नव्हता. “हो, आलाच तो,” ते म्हणाले. “बसलासुद्धा नाही बिचारा. घे रे बाबा, आधी हे पी.”

मी ते शहाळं प्यालो. गजाभाऊ जुना कोयता आणायला घरी निघाले. जाताना फाटकाशी भेटलेल्या कोणाला तरी ते मोठ्याने सगळं सांगत असल्याचं ऐकू आलं. माझं नाव दोनदा आलं. बापू तुटलेली मूठ दाखवायला आत गेले.

“मुकुंदा,” वैनी म्हणाल्या, “पाटीला हात लाव.”

त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली. मी वाकून पाटी उचलली. ती मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड होती. ती त्यांच्या डोक्यावर ठेवली तेव्हा आमचे चेहरे एका हाताच्या अंतरावर आले.

“तू फाटकातून आलास तेव्हा माझे चौतीस झाले व्हते,” त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

“नारळ. पडता पडता मोजायची सवय असते आमाला. न्हायतर मालकाला किती म्हणून सांगायचं?” त्यांनी पाटी नीट तोलून घेतली. “तू वरडलास तेव्हा पंचेचाळीस. अकरा नारळ वाकून उचलले मी. त्या झाडाखाली.”

“वैनी, मला खात्री नव्हती...”

“खात्री कशाला लागते? ‘बाजूला हो’ म्हणायला?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उभा राहू शकलो असतो.

“गजाभाऊंना तुम्ही...”

“मी न्हाय सांगणार. त्यांना तुझं कौतुक वाटतंय, वाटू दे. माझं गेलं.” मान न हलवता त्या वळल्या आणि पाटाच्या कडेने, एक पाऊल ओलं आणि एक कोरडं उमटवत, बापूंच्या खोपीकडे निघून गेल्या.

दुपारपर्यंत ही गोष्ट वाडीभर झाली. पोस्टातल्या बाईंनी मला थांबवून विचारलं. आईने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसलेल्या दोघांनी मला हाक मारून जवळ बोलावलं, आणि मी कसा धावत गेलो, कसा ओरडलो, हे त्यांनी मलाच सांगितलं. मी ऐकून घेतलं. प्रत्येक वेळी मला वाटत होतं की आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी समोरच्या माणसाच्या डोळ्यांतलं माझं ते नवं रूप पाहून मी आणखी थोडा वेळ थांबत होतो. रात्री बांबूवरची दोरी काढून टाकली. अंथरुणावर पडून मी एक ते अकरा मोजले. सावकाश, प्रत्येक आकड्याला एक बाई वाकेल, उचलेल, पुन्हा उभी राहील एवढं अंतर ठेवून. फार वेळ लागतो. कोणीही मोजून पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरधनकरांच्या अंगणात गेलो. गजाभाऊ ओटीवर बसून जुन्या कोयत्याला खोबरेल चोळत होते. वैनी चुलीपाशी होत्या. त्यांची पाठ मला दिसत होती. गजाभाऊंनी मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटू लागलं. ते पुरतं उमटायच्या आत, त्यांनी ‘ये’ म्हणायच्या आधी, मी अंगणातूनच बोलायला लागलो.